गाडीवरचं तिसरं माणूस

साहेबरावांच्या घरी अमेरिकेचा फोन यायचा तो रविवारी सकाळी. त्या वेळेला टीव्ही बंद, मिक्सर बंद आणि शेजारणीलाही दारातूनच वाटेला लावायचं, असा भामाबाईंचा दंडक होता. नवऱ्याचा भाचा एवढ्या लांबून बोलतो, तर आपल्या बाजूनं खरखर नको, असं त्यांचं म्हणणं. त्या वर्षी मात्र पावसानं लातूरकडं पाठ फिरवली होती आणि नळाचं पाणी इतक्या दिवसांनी सुटायचं की लोक नळाला देवाचा प्रसाद म्हणायला लागले होते. टँकर आला की गल्लीत जी धांदल उडायची ती विचारू नका. अशाच एका बुधवारी भामाबाई घागरी घेऊन टँकरकडं पळाल्या आणि इकडं फोन वाजला.

फोनवर यशवंत नव्हता, त्याची बायको रुद्राणी होती. ही उदगीरकडची लिंगायताची पोर. यशवंतनं कॉलेजातच जमवलेली. लग्नाला दोन्हीकडून तोंडं वाकडी झाली तेव्हा साहेबराव एकटे मधे उभे राहिले होते, म्हणून ती त्यांना फार मानायची.

"मामा, यशवंतला तुम्हीच काहीतरी सांगा. मी हात टेकले."

साहेबरावांना वाटलं, संसारात काही बिनसलं. पण गोष्ट निघाली अर्जाची. तिथलं नागरिकत्व घ्यायचं तर अर्जात एक प्रश्न असतो, रुद्राणी सांगत होती, की आजवर कुठल्याही देशात कुठल्याही पोलिसानं तुम्हाला कधी अडवलंय का, दंड केलाय का. तिचं स्वतःचं नागरिकत्व कधीच होऊन गेलं. दोन्ही पोरं तिथंच जन्मलेली. घरात परका उरला तो यशवंत एकटा. गाडी जोरात हाकल्याचे तिथले दोन दंड त्यानं सरळ लिहिले, आणि मग अर्ज तसाच ड्रॉवरमधे टाकला.

"एकदा झोपेतनं उठून म्हणाला, इंडियातला पण एक दंड आहे, पण तो मी लिहिणार नाही. वकीलबाई म्हणते, बारीकसारीक दंडाला कुणी विचारत नाही, पण लपवलं तर मात्र अर्ज बाद होईल. हा म्हणतो, मग मी अर्जच करत नाही. मामा, असं काय झालं होतं हो?"

"ट्रिबल सीटचा हाय तो," साहेबराव म्हणाले. "तिघं होतो एका गाडीवर."

"एवढंच?" रुद्राणी हसली. "मग लिहायला काय होतंय?"

रविवारी बोलतो त्याच्याशी, एवढं म्हणून साहेबरावांनी फोन ठेवला आणि भामाबाई अर्धी सांडलेली घागर घेऊन परत आल्या तरी ते तिथंच स्टुलावर बसून होते.

यशवंत म्हणजे पंचफुलाचा एकुलता एक. पंचफुला साहेबरावांची थोरली बहीण. नवरा ऐन उमेदीत गेला, तेव्हा पोर कडेवर होतं. गाव शिरूर अनंतपाळजवळ. तिथं दुसऱ्याच्या रानात खुरपून आणि दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडून तिनं पोराला शिकवलं. बाबासाहेबांचा एक फोटो आणि पोराची पुस्तकं, घरात तेवढं सोडून जपावं असं काही नव्हतं. साहेबराव तेव्हा कारकून होते. उस्मानाबादेतून फुटून लातूर वेगळा जिल्हा झाला आणि त्यांची नेमणूक नव्या कलेक्टर कचेरीत झाली. यशवंतला नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जागा मिळाली, त्या दिवशी पंचफुला भावाच्या कचेरीत आली आणि साहेबांच्या देखत तिनं भावाच्या टेबलावर पेढे ठेवले. साहेबानं पेढा उचलून तोंडात टाकला. हे पंचफुला मरेपर्यंत सांगायची.

मरण काही लांब नव्हतं. यशवंतचं शेवटचं वर्ष चालू होतं, उन्हाळा कडक होता, आणि तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं नांदेडच्या डॉक्टरनं सांगितलं. पाणी तोडलं. ओठाला ओला कापूस लावायचा, बस्स. बाहेर मुलूख कोरडा पडलेला आणि आत दवाखान्यात माठ भरलेला असून हिला घोटभर मिळेना. ती भावाचा हात धरून म्हणायची, "सायबू, मला घरी ने. माझ्या उंबऱ्याशी नेऊन टाक आन् यशाच्या हातानं पोटभर पाणी पाज. मंग खुशाल मरते." डॉक्टरही शेवटी म्हणाले, घेऊन जा, आज-उद्याचंच काम आहे.

न्यायचं कशात? एसटीचा कंडक्टर असं माणूस गाडीत घेईना. भाड्याच्या जीपा मिळेनात, कारण दुष्काळ पाहायला मंत्री येणार होते आणि दोन्ही जिल्ह्यांच्या कचेऱ्यांनी सगळ्या जीपा ताब्यात घेतल्या होत्या. शेवटी यशवंतनं मित्राची राजदूत मोटारसायकल आणली. पुढं तो, मधे आई, मागं मामा. आई ढळू नये म्हणून मामानं आपला पंचा तिच्या आणि पोराच्या कमरेभोवती बांधला. तिनं पोराच्या पाठीवर गाल टेकला आणि त्याचा शर्ट मुठीत धरला. तशी ती हसल्यासारखी वाटली.

सोनखेडला गाडी रस्त्यावरच थांबवून साहेबराव एकटे आतल्या हापशावर बाटली भरायला गेले. हापसा नुसताच खडखडला. पुढं लोह्यात हॉटेलवाल्यानं पाणी नाही म्हणून हात हलवला. रस्त्यात पंचफुला मागं मान करून हळूच म्हणाली, "सायबू, पाणी." गाडीच्या आवाजात ते यशवंतला ऐकू गेलं नाही. "आलंच, आक्का," साहेबराव म्हणाले, "आलंच आता गाव." गाव कुठलं येतंय, अजून निम्मी वाटसुद्धा सरली नव्हती. ती पुन्हा एकदा पाणी म्हणाली. मग माळाकोळीच्या अलीकडं तिचं डोकं, जे ते वाऱ्यापासून तळहातानं सावरून होते, एकदम जड झालं. साहेबरावांनी तिच्या नाकाशी बोट नेलं, मग मानेशी नेलं. तिची मूठ मात्र पोराच्या शर्टावर तशीच होती.

सांगावं कसं? पोर एवढी जड गाडी सांभाळत होतं. त्याला कळलं असतं तर तिथंच हात सुटले असते. साहेबरावांनी दात आवळले, बहिणीचा पदर तिच्या तोंडावर ओढला आणि तिला छातीशी धरून ते बसून राहिले.

तेवढ्यात जिल्ह्याची हद्द आली. नव्या जिल्ह्याची नवी रंगवलेली पाटी, आणि तिच्याखाली नाका. कडबा जिल्ह्याबाहेर जाऊ नये म्हणून बसवलेला. ज्या हुकमावर तो नाका उभा होता, तो हुकूम साहेबरावांनीच आपल्या हातानं टाइप केला होता. हवालदारानं काठी आडवी धरली. कडब्याच्या गाड्या तपासून तो वैतागला होता, आणि मंत्र्यांच्या दौऱ्यापायी वरून तंबी होती. त्यानं नाव विचारलं, यशवंतनं सांगितलं. आडनाव विचारलं, तेही सांगितलं. आडनाव ऐकताच त्याचा 'तुम्ही'चा 'तू' झाला. झालं, यशवंत पेटला. कायदा काय म्हणतो, आजारी माणूस असलं तर काय, तुमचा बिल्ला नंबर सांगा, असं सगळं त्यानं त्या उन्हात त्याला ऐकवलं. हवालदारही इरेला पेटला. दोघंही हटेनात.

पंचा सोडून, तिची मूठ हळूच शर्टावरून काढून साहेबराव लिंबाखाली बसले होते, बहीण अंगावर रेललेली. "काय झालं म्हातारीला?" हवालदारानं लांबूनच विचारलं. "ताप हाय," ते म्हणाले. मेलेलं माणूस आहे असं कळतं तर पंचनामा आला, अहमदपूरला चिरफाड आली, आणि पंचफुलाला रात्र कुठल्या तरी फरशीवर काढावी लागली असती. नाक्यावर रांजण होता. भांडता भांडता यशवंतच्या ते ध्यानात आलं आणि तो पेला भरून धावत आला. "नको," साहेबरावांनी हात आडवा धरला, "डॉक्टरनं न्हाई म्हणलंय. घरी पाजू." ते पाणी ओठांतून परत आलं असतं तर सगळं उघडं पडलं असतं. पोर पेला घेऊन तसंच उभं राहिलं. शेवटी पावती फाटली, साहेबरावांनी बहिणीला पुन्हा मधे धरून बसवलं आणि गाडी सुटली.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. साहेबरावांनी कुणाला जवळ येऊ दिलं नाही. उंबऱ्याच्या आत बहिणीचं डोकं मांडीवर घेतलं, हनुवटी हातानं धरली आणि ओरडले, "यशा, जीव हाय अजून! पाणी आण, लवकर!" यशवंतनं वाटीनं पाणी पाजलं. थोडं आत गेलं, बाकीचं गळ्यावरून ओघळलं. "गिळलं बघ," साहेबराव म्हणाले. "गिळलं आक्कानं." आणि थोड्या वेळानं त्यांनी स्वतःच्या हातानं तिचे डोळे मिटले.

हे त्यांनी अठरा वर्षं कुणापुढं काढलं नव्हतं. बुधवारी रात्री ताटावर बसल्यावर घास गिळेना तेव्हा भामाबाईंपुढं काढलं. भामाबाईंनी ऐकून घेतलं आणि भाकरीचा तुकडा मोडत म्हणाल्या,

"मला काय नवं सांगून राहिलात? वन्संला आंघोळ मीच घातली की. गाडीवर बसल्यावानी गुडघे आखडले होते त्यांचे, सरळच होईनात. आत्ता गेलेल्या माणसाचे आसे होत न्हाईत."

साहेबरावांनी हातातला घास खाली ठेवला. "आन् बोलली न्हाईस?"

"कामून बोलू? पोराच्या हातचं पाणी घेऊन गेली आसं सगळ्या गावानं मानलं. पोरगं त्या एका पाण्यावर जगलं." त्यांनी नवऱ्याच्या ताटात वरण वाढलं. "सांगू नका. त्येचं पाणी काढून घेऊ नका."

साहेबरावांना ते पटलं. तीन-चार दिवस पटलेलंच होतं. रविवारी फोन आला, भामाबाईंनी टीव्ही बंद केला, आणि यशवंतचा आवाज आला तेव्हासुद्धा ते अर्जाचं नुसतं वरवरच बोलणार होते.

"लिहून टाक की, यशा. त्यात काय एवढं?"

"मामा, तिथं हात वर करून शपथ घ्यावी लागते. समोर बसून विचारतात." यशवंतचा आवाज बसलेला होता. "ती बाई विचारणार, तिघं कोण कोण होता? मी काय सांगू? माय मरायला टेकली होती, पाण्यासाठी तडफडत होती, आन् मी भर उन्हात तिला बसवून हवालदाराला कायदा शिकवत होतो? मुकाट्यानं माफी मागितली असती तर दोन मिनिटांत सुटलो असतो. ती घरी शुद्धीत पोचली असती. बोलली असती माझ्याशी. तिनं पाणी घेतलं, पण एक शब्द बोलली नाही. ते माझ्या तोंडाळपणामुळं, मामा. हे मी आजवर कुणाला सांगितलं न्हाई. रुद्राणीलापण न्हाई."

साहेबरावांना वाटत होतं, आपण पोराला अठरा वर्षं एक घोट पाणी देऊन ठेवलंय. त्या घोटाबरोबर हे विषही दिलं होतं, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. भामाबाई दारात उभ्या राहून हातानं नको नको करत होत्या. साहेबरावांनी त्यांच्याकडं पाठ केली.

"यशा, ऐक. तू भांडून राहिला होतास तवा आक्का नव्हतीच."

साहेबराव थांबले नाहीत.

"माळाकोळीच्या आलीकडंच गेली ती. मला मागं बसल्याजागी कळलं. तुला सांगितलं असतं तर गाडी घातली असतीस खड्ड्यात. आन् पोलिसाला कळलं असतं तर तिची चिरफाड केली असती. तुझ्या भांडणानं कायबी बिघडलं न्हाई, लेकरा. उलट तू भांडत होतास म्हून त्यो माझ्याकडं फिरकला न्हाई. तुझ्या भांडणानंच आक्का घरी आली. हे शपथेवर लिही, पाहिजे तर."

मग यशवंत म्हणाला, "मग मी पाजलं ते पाणी?"

साहेबरावांनी डोळे मिटले. "ते तिला पोचलं न्हाई, यशा."

"म्हंजे माय तहानलेलीच गेली."

याचा विचार साहेबरावांनी केला नव्हता. खरं बोलायचं ठरवल्यावर माणूस जेवढं ठरवलंय तेवढंच बोलतो. पुढचं कुणी विचारेल हे त्याच्या ध्यानीमनी नसतं. ते दोन शब्द, सायबू, पाणी, त्यांच्या कानात होतेच. अठरा वर्षांत त्यांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि ते आठवलं नाही, असं झालंच नव्हतं. पलीकडं चाळिशीला आलेला माणूस लहान पोरासारखा मुसमुसत होता.

"न्हाई रे," साहेबराव म्हणाले. "तहानलेली कशी जाईल? मी होतो ना मागं. सोनखेडच्या हापशावर बाटली भरून घेतली होती. गाडीवरच पाजलं तिला. पोटभर प्याली. गार हाय म्हणली."

"डॉक्टरनं नको म्हणलं होतं ना?"

"माझी भन हाय ती. डॉक्टरला कामून विचारू?"

"बोलली? गार हाय म्हणली?"

"हाव. तुझ्या पाठीवर डोकं ठिवलं आन् मंगच गेली. सुखानं गेली, यशा."

यशवंत आता मोकळा रडत होता. "बरं झालं मामा," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "माझ्या हातचं न्हाई तर तुमच्या हातचं. बरं झालं." साहेबराव हूं हूं करत राहिले. फोन ठेवला तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. भामाबाई टीव्ही लावायलाही विसरल्या.

पावसाळा तसाच कोरडा गेला. पुढं एका रविवारी फोन आला आणि रुद्राणी ओरडतच बोलायला लागली, झालं मामा, यशवंतचं नागरिकत्व झालं. भामाबाई साखरेचा डबा काढायला आत धावल्या. मग यशवंत फोनवर आला. इतका हलका आवाज साहेबरावांनी त्याच्या पोरपणानंतर ऐकला नव्हता.

"मामा, त्या दंडाखाली मी सगळं लिहिलं होतं. वेगळा कागद जोडून. तिसरं माणूस माझी आई होती आणि ती तेव्हा जिवंत नव्हती. त्या बाईनं ते वाचलं आणि पेन खाली ठेवला. मग म्हणाली, तुमच्या आईबद्दल वाईट वाटलं. दुसरं काही विचारलंच नाही तिनं."

"बरं झालं."

"आणि मामा, ते पाण्याचंही लिहिलं मी. माझ्या मामानं वाटेत तिला पाणी पाजलं होतं, असं. सगळं शपथेवर."

साहेबरावांनी सारी नोकरी कलेक्टर कचेरीत काढली होती. खोट्या शपथपत्राला ते विंचवाला घाबरावं तसे घाबरत. लोकांना टेबलावरून परत पाठवायचे, की बाबांनो, नसलेलं लिहू नका, अंगाशी येईल.

"चांगलं केलंस," ते म्हणाले.

फोन ठेवल्यावर भामाबाईंनी त्यांच्या हातावर साखर ठेवली आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. तो त्यांनी घेतला, पण तोंडाला लावला नाही. त्या शेजारी बसल्या. दोघंही बाहेर टँकरच्या रांगेकडं बघत होते.

"आवं," भामाबाईंनी हळूच विचारलं, "त्या साली सोनखेडच्या हापशाला पाणी होतं का?"

साहेबरावांनी तांब्या खाली ठेवला.

"होतं," ते म्हणाले.